पत्रात तालीम आहे, वस्ताद कुठे आहे?

पत्राचा सारांश: पत्रलेखक कोल्हापूरचे, वय ३१. सतराव्या वर्षापासून पेठेच्या संघातून मधल्या फळीत खेळतात. मधली तीन वर्षं बाहेरच्या क्लबांशी करार करून खेळले आणि त्या पगारावर घर चाललं. घराण्यात खेळावर पोट भरणारे ते पहिलेच. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रिया झाली. परत मैदानात उतरले, पण आता तासभर खेळलं की गुडघा सुजतो. समोर तीन वाटा आहेत. पेठेचा संघ म्हणतो, अजून एक हंगाम खेळ, मानधन देऊ. पुण्याजवळची एक निवासी शाळा फुटबॉल प्रशिक्षक म्हणून महिना २८ हजार रुपये द्यायला तयार आहे, फक्त वर्षभरात प्रशिक्षणाचा परवाना मिळवायची अट आहे. आणि मंडळातली जाणती माणसं म्हणतात, खेळणं सोड, पण इथेच संघाचा मॅनेजर हो. पगार नाही, मान आहे. पत्नी कोल्हापुरात नोकरी करते, मुलगी चार वर्षांची आहे. ते लिहितात, 'ज्याला खेळता येत नाही तो कोच होतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय. शाळेत गेलो तर लोक म्हणतील, संपला. आणि चौदा वर्षं खेळल्यावर मला कोर्समध्ये कोण काय शिकवणार? व्हायचंच तर मॅनेजर व्हावं. वडील म्हणतात, खेळणाऱ्याला गाव ओळखतं, शिकवणाऱ्याला कोण विचारतं? काय करू?'

नमस्कार.

तुमच्या सहा पानी पत्रात 'तालीम' हा शब्द कितीतरी वेळा आलाय, 'वस्ताद' हा मात्र एकदाही नाही. उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कोल्हापूरचे फुटबॉल संघ तालमींची नावं लावून शाहू स्टेडियमवर उतरतात, याचं बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं. तुम्हाला वाटत नाही, तुम्ही त्यातच वाढलात. त्या तालमीच्या लाल मातीतला रिवाज आठवा. पैलवानाचं वय झालं, अंग साथ देईना, की तो लंगोट खुंटीला लावतो आणि आखाड्याच्या कडेला येऊन बसतो. त्याला कुणी 'संपला' म्हणत नाही. नवी पोरं मातीत उतरण्याआधी त्याच्या पाया पडतात. आणि नावाजलेले वस्ताद काही सगळेच नावाजलेले पैलवान नव्हते, हे पेठेतला कुठलाही म्हातारा सांगेल. मग एकाच तालमीत कुस्तीला एक न्याय आणि फुटबॉलला दुसरा, असं का व्हावं?

याचं मूळ मला फुटबॉलच्या जन्मगावात दिसतं. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला १८८५ मध्ये अधिकृत परवानगी मिळाली. त्या पहिल्या पिढ्यांतले बहुतेक पगारी खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्यांची पोरं. १९०१ पासून त्यांच्या पगारावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा आली. संघात कोण खेळणार ते क्लबचे संचालक ठरवायचे. पत्रव्यवहार, हिशेब सेक्रेटरी बघायचा. आणि 'ट्रेनर' म्हणजे बादली आणि स्पंज घेऊन मैदानात धावणारा, पोटऱ्या चोळून देणारा, पोरांना मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावणारा माणूस. सरावात चेंडू फारसा द्यायचाच नाही. आठवडाभर चेंडूची भूक राहिली की शनिवारी पोरं त्याच्यावर तुटून पडतील, अशी समजूत. म्हणजे खेळ शिकवणं हे कुणाचंच काम नव्हतं. खेळ अंगात असावा लागतो, तो शिकवून येत नाही, असं तिथे सगळेच धरून चालले होते. तुमचे वडील आज जे बोलतात ते तिथे शंभर वर्षांपूर्वी घरोघरी बोललं जात होतं.

त्याच पिढीतल्या एका माणसाची गोष्ट तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रातले बहुतेक प्रश्न त्याच्याही वाट्याला आले होते.

जिमी होगन. जन्म १८८२ चा, लँकेशायरमधल्या नेल्सन गावात, आयरिश कॅथलिक घरात. वडिलांना वाटे पोरानं धर्मगुरू व्हावं. पोरगा फुटबॉलकडे गेला. बर्नली, फुलहॅम, बोल्टन या क्लबांकडून खेळला. बरा खेळाडू होता, थोरांत त्याचं नाव कुणी घेत नसे. बर्नलीत असताना एकदा त्यानं मारलेला फटका गोलच्या आडव्या दांडीवरून गेला. त्यानं मॅनेजरला विचारलं, माझं काय चुकलं, पाय नीट पडला नाही की अंगाचा तोल गेला? उत्तर मिळालं, मारत राहा, दहांतला एक आत गेला तरी पुष्कळ झालं. होगनचं त्यानं समाधान झालं नाही. फटका चुकला तर का चुकला हे खोदून काढायची सवय त्याला तिथून लागली.

आता तुम्ही आठवून बघा, चौदा वर्षांत हा प्रश्न तुम्ही किती वेळा विचारलात? 'मला कोण काय शिकवणार' हे तुमचं वाक्य मला काळजीत टाकतं ते यासाठी. तुमच्या पायांना खूप काही कळतं, याबद्दल मला शंका नाही. मागून येणारा माणूस न बघता ओळखणं, चेंडू येण्याआधीच मान वळवून मैदान बघून ठेवणं, हे तुम्ही झोपेतही कराल. पण पायांना कळलेलं तोंडाला सांगता येतंच असं नाही.

मी २८ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. पहिली दोन वर्षं मी उंच उडी शिकवायचो म्हणजे स्वतः उडी मारून दाखवायचो. मुलं टाळ्या वाजवायची, आणि त्यांची पाळी आली की आडव्या काठीपाशी येऊन थबकायची. तिसऱ्या वर्षी एका मुलीनं विचारलं, 'सर, उडायच्या आधीचं शेवटचं पाऊल लांब टाकायचं की आखूड?' मला सांगता येईना. शाळा सुटल्यावर मी एकटाच मैदानात थांबलो, पुन्हा पुन्हा धावत गेलो, पावलांच्या खुणा मोजल्या. माझी उडी मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळली. शिकवायला मी तिथून पुढे लागलो, असं मी मानतो.

होगनला तर याहून मोठा धक्का बसला. बोल्टनकडून खेळताना तो हॉलंडच्या दौऱ्यावर गेला होता. तिथे डॉर्ड्रेख्टच्या संघाला त्यांनी १०-० असं हरवलं. इतर जण हसत घरी गेले असतील. होगननं मनाशी ठरवलं की या पोरांना नीट खेळायला शिकवायला आपण परत यायचं. १९१० मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी खरंच गेला. पुढे १९१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या ह्यूगो माइझल यांनी त्याला व्हिएन्नाला बोलावलं. तिथला पहिला सराव पार फसला. ऑस्ट्रियन खेळाडूंना त्याचं बोलणं कळेना, आणि हा आम्हाला बाराखडीच गिरवायला लावतोय असं त्यांना वाटलं. माइझल आणि होगन रात्री उशिरापर्यंत बोलत बसले आणि शिकवायची तऱ्हा बदलायची ठरली. पगारी खेळाडू म्हणून घालवलेली सगळी वर्षं त्या पहिल्या दिवशी त्याच्या कामी आली नाहीत. कामी आलं ते रात्री बसून 'माझं काय चुकलं' हे विचारणं.

म्हणून शाळेनं परवान्याची अट घातलीय याचा राग मानू नका. आपल्याकडे या शिडीवर खालच्या बाजूला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना आहे. त्यावर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो. महाराष्ट्रात कोर्स कधी आणि कुठे आहेत ते वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे विफाकडे, विचारता येईल. डी परवान्याचा कोर्स थोड्या दिवसांचा असतो, त्यात तुम्ही वस्ताद होणार नाही हे खरं आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला वीस मिनिटांत काय शिकवायचं, चौदा वर्षांच्याला काय, एका सरावात किती गोष्टी घ्यायच्या आणि किती मुद्दाम सोडायच्या, हे तिथे पहिल्यांदा कुणीतरी तुमच्याकडून करवून घेईल आणि तुमच्या तोंडावर चुका सांगेल. पेठेत तुमच्या चुका तोंडावर सांगणारं आता कोण उरलंय?

आणखी एक. इतर खेळांतल्या वाचकांनाही हे लागू आहे, कबड्डी-खोखोवाल्यांची अशी पत्रं मला बरीच येतात. प्रशिक्षक म्हणून कंत्राटावर घेतात तेव्हा परवाना किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा बघतात. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाच्या कायम जागेसाठी बी.पी.एड. लागतं. या दोन वेगळ्या वाटा आहेत. पदवी झालेली असेल आणि पुढे कायम नोकरीचा विचार असेल, तर बी.पी.एड.चाही अंदाज आत्ताच घेऊन ठेवा.

आता शाळेकडे वळतो. शाळेत जाणं म्हणजे खाली उतरणं, असं तुमच्या पत्रात ओळीओळीत जाणवतं. होगनचं उलट झालं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तो व्हिएन्नात होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला पकडलं. पुढे मध्यस्थी होऊन तो बुडापेस्टला एमटीके क्लबकडे गेला, पोलिसांकडे नेमानं हजेरी लावायच्या बोलीवर. क्लबचे मोठे खेळाडू आघाडीवर गेलेले. मग त्यानं शाळकरी पोरं शोधली. एका बागेत चेंडू खेळणारी दोन पोरं, ग्यॉर्गी ऑर्थ आणि योझेफ ब्राउन, त्यानं हेरली आणि घडवली. दोघंही पुढे हंगेरीच्या संघातून खेळले. एमटीकेनं १९१७ पासून १९२५ पर्यंत सलग नऊ वेळा हंगेरीची लीग जिंकली. होगन त्यातली पहिली काही वर्षंच तिथे होता, पण पाया त्यानं घातलेला होता. पुढे जर्मनीत ड्रेस्डेनला त्याच्या हाताखाली शिकलेला हेल्मुट श्यॉन १९७४ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीचा प्रशिक्षक होता.

आणि मोठ्यांचं काय झालं? १९३४ मध्ये तो लंडनला फुलहॅमचा मॅनेजर झाला. मुरलेल्या पगारी खेळाडूंना शिकवायची गरज नाही, असं तिथल्या लोकांचं मत पडलं. पुरता एक हंगामही त्याला मिळाला नाही. तो इस्पितळात असताना त्याला काढून टाकलं. तोच माणूस १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या संघाबरोबर होता आणि त्यांनी रौप्यपदक मिळवलं. माणूस तोच, विद्या तीच. एका ठिकाणी शिकणारे होते, एका ठिकाणी नव्हते.

पेठेच्या वरिष्ठ संघात तुम्ही ज्यांच्याबरोबर काल खेळलात, ज्यांच्याबरोबर चहाच्या टपरीवर बसलात, त्यांना उद्या 'तुझा पहिला स्पर्श चुकतोय' असं सांगू शकाल? ते ऐकतील? पाच वर्षांनी ऐकतील कदाचित. निवासी शाळेतली मुलं मात्र सकाळी साडेसहाला बूट बांधून तुमची वाट बघत उभी राहतील. चुकायला आणि सुधारायला याहून चांगली जागा नव्या प्रशिक्षकाला मिळत नाही.

मॅनेजरपदाबद्दल. तुम्हाला ते कोचपेक्षा मोठं वाटतं, कारण शब्द मोठा आहे. काम काय आहे ते बघू. इंग्लंडमध्ये या शब्दाला खरा अर्थ ज्यांनी दिला त्यांत हर्बर्ट चॅपमनचं नाव आधी येतं. खाण कामगाराचा मुलगा. खेळाडू म्हणून सामान्य, त्याचा भाऊ हॅरी त्याच्याहून नावाजलेला. नॉर्थॅम्प्टनला १९०७ मध्ये तो खेळाडू आणि मॅनेजर असं दोन्ही झाला आणि दोन वर्षांत त्या संघानं सदर्न लीग जिंकली. पुढे हडर्सफील्डला १९२४ आणि १९२५ अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदं. १९२५ मध्ये आर्सेनलला गेला आणि १९३० चा एफए कप, १९३१ आणि १९३३ ची लीग त्याच्या कारकिर्दीत आली. हे करताना संघ कोणता उतरवायचा, कोणता खेळाडू घ्यायचा, डाव कसा मांडायचा, हे संचालकांच्या हातून काढून त्यानं स्वतःच्या हातात घेतलं. मॅनेजर हा शब्द मोठा झाला तो या अधिकारामुळे.

मंडळातल्या जाणत्यांना जाऊन अदबीनं एवढंच विचारा, सामन्याचे अकरा जण कोण ठरवणार? बाहेरून खेळाडू आणायचा तर शेवटचा शब्द कुणाचा? हरलो तर जाब कुणाला विचारणार? पहिल्या दोन प्रश्नांना 'आपण सगळे मिळून' असं उत्तर आलं आणि तिसऱ्याला 'तुला', तर ते पद घेऊ नका. जर्सी मोजायच्या, नोंदणीचे कागद पुरे करायचे, पंचाशी वाद घालायचा आणि दोष अंगावर घ्यायचा, यात तुमची विद्या कुठेच लागणार नाही. मंडळाचं प्रेम खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण एकतिसाव्या वर्षी, घरात चार वर्षांची मुलगी असताना, बिनपगारी मान ही फार महाग गोष्ट आहे.

वडिलांच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला जड जातंय, कारण ते पुरतं गोड नाही. शिकवणाऱ्याला विचारतात, पण उशिरा विचारतात, आणि पुष्कळदा परगावी विचारतात. तुमच्यासारखाच दुखापतीनं खेळ सुटलेला एक जण, विल्यम गारबट. आर्सेनल आणि ब्लॅकबर्नकडून बाजूच्या फळीत खेळलेला. दुखापतीनं खेळणं थांबलं आणि १९१२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो इटलीत जेनोआला प्रशिक्षक म्हणून गेला. त्यानं शिस्तीचा व्यायाम आणला, डावाची आखणी आणली, खेळाडूंच्या खोलीत अंघोळीला गरम पाणी आणलं. १९२३ आणि १९२४ अशी दोन विजेतेपदं जेनोआला दिली, पुढे रोमा, नेपल्स केलं, आणि १९३६ मध्ये स्पेनची लीग अॅथलेटिक बिल्बाओला जिंकून दिली. खेळाडू त्याला 'मिस्टर' म्हणायचे. इटलीत आजही फुटबॉलच्या कोचला 'मिस्टर' म्हणतात, आणि त्याचं मूळ गारबटकडे नेतात. खुद्द इंग्लंडात मात्र त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

होगनचं तर त्याहून वाईट. युद्ध संपल्यावर हात रिकामे घेऊन तो मायदेशी आला. युद्धानं अडचणीत आलेल्या खेळाडूंना फुटबॉल संघटना मदत करते असं ऐकून तिच्या कार्यालयात गेला. तिथे त्याच्या हातावर खाकी मोज्यांचे तीन जोड ठेवले, वर आघाडीवरच्या पोरांना हे फार उपयोगी पडले, असा टोमणा मारला. पस्तीस वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९५३ ला, वेम्बलीवर हंगेरीनं इंग्लंडला ६-३ असं लोळवलं. सामन्यानंतर हंगेरीच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणाले की फुटबॉलमधलं आम्हाला जे येतं ते सगळं होगननं शिकवलंय. ७१ वर्षांचा होगन त्या दिवशी प्रेक्षकांत होता, अॅस्टन व्हिलाच्या पोरांना सामना दाखवायला घेऊन आलेला. मला त्या दिवसाचा विचार केला की ६-३ पेक्षा हेच जास्त आठवतं, की तेव्हाही तो पोरांना घेऊन आला होता.

तेव्हा गावानं ओळखावं म्हणून शिकवायला जाणार असाल, तर जाऊ नका, पदरी कडवटपणा येईल. चेंडू दुसऱ्याच्या पायात गेलेला बघून तुम्हाला बरं वाटतं का, हा यातला एकच प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर मला इथे बसून देता येणार नाही. ते कसं शोधायचं ते शेवटी सांगतो.

आधी गुडघा. सामन्यानंतर सूज येते हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, मी ते तीनदा वाचलं. लिगामेंटची मोठी दुखापत झालेल्या गुडघ्यात पुढे झिजेचा धोका वाढतो, हे तुमच्या सर्जननी सांगितलं असेलच. सूज ही शरीरानं केलेली तक्रार आहे. दुखणं दाबणारी गोळी किंवा इंजेक्शन घेऊन उतरणं ही पेठेतल्या मैदानांवरची जुनी खोड आहे आणि तिनं चांगल्या चांगल्यांचे पाय घेतलेत. पुढच्या हंगामाबद्दल हो-नाही म्हणण्याआधी सर्जनकडे जा आणि सरळ विचारा, हा गुडघा अजून एक हंगाम कसाबसा निभावेल का, हे नको, वयाच्या पन्नाशीत मला मांडी घालून बसता येईल का? मानधन आणि त्या उत्तराचा ताळा तुम्हीच मांडा. माझं मत विचाराल तर हा हंगाम खेळू नये. मंडळानं निरोपाचा एक सामना ठेवला तर वीस मिनिटं खेळा, सगळ्यांना नमस्कार करा आणि बाहेर या.

पैशाचंही बघा. खेळातल्या नोकऱ्या क्लबच्या मालकांच्या मर्जीवर असतात. गोव्याचे डेरिक परेरा साळगावकरकडून आणि भारताकडून खेळले, मग प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये तो क्लबच बंद झाला. परेरा तोवर पुणे एफसीकडे गेले होते, आणि पुढे तो संघही राहिला नाही. देशातली लीग जिंकलेला संघ मिटू शकतो, तर बाकीच्यांनी काय धरून चालावं? त्या मानानं शाळेचा पगार लहान पण नेमाचा. तरी होकार देण्याआधी सगळं कागदावर मागा. करार किती वर्षांचा, मे महिन्याच्या सुट्टीचा पगार मिळणार का, भविष्यनिर्वाह निधी आणि आरोग्य विमा आहे का, परवान्याच्या कोर्सची फी कोण भरणार आणि त्या दिवसांची रजा पगारी का. निवासी शाळा आहे म्हणजे राहायला खोली की कुटुंबासह घर, मुलीचा प्रवेश तिथे होईल का, फी माफ होईल का, तेही विचारा. आणि मुलींचा फुटबॉल संघ आहे का हे विचाराच. नसेल तर मी काढीन असं सांगा. असं बोलणारा उमेदवार त्यांना रोज भेटत नाही.

पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, नोकरी करते एवढीच. तिची नोकरी कोल्हापुरात, तुमची शाळा पुण्याजवळ. होगनच्या बायकोला मुलांना घेऊन युद्धाच्या काळात एकटीनं इंग्लंडला परतावं लागलं होतं, आणि नवरा तिकडेच अडकलेला. तुमच्यावर तशी वेळ नाही, पण घर दोन गावांत वाटलं गेलं तर त्याचा भार कोण उचलणार हे तिला विचारल्याशिवाय शाळेला कळवू नका. मला सल्ला विचारायच्या आधी तिला विचारलं असेल, असं मी धरून चालतो. नसेल तर हे वाचायचं थांबवा आणि आधी तिच्याशी बोला.

तिचा होकार असेल तर माझा कौल शाळेला. पण त्याआधी एक महिना हातात आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यातले चार रविवार मला द्या. पेठेतली दहा-बारा वर्षांची बारा पोरं गोळा करा, मुली असतील तर उत्तमच. सकाळी तासभर. चेंडू प्रत्येकाला एक, नाहीतर निदान दोघांत एक. रांगा लावून उभं करायचं नाही. एका रविवारी एकच गोष्ट घ्या, म्हणजे समजा चेंडू थांबवताना अंग कसं वळवायचं. तुम्ही स्वतः करून दाखवायचं ते फक्त एकदा. नंतर बोलून, विचारून, खेळाचा डाव बदलून शिकवा. खिशात छोटी वही ठेवा आणि घरी जाण्याआधी प्रत्येक पोराच्या नावापुढे एक ओळ लिहा, आज याला काय जमलं, काय अडलं आणि का अडलं. बारा नावांपैकी किती पोरांबद्दल लिहिण्यासारखं तुम्हाला दिसलं, ते मोजा. पहिल्या रविवारी चार-पाच दिसतील. चौथ्या रविवारी दहा दिसायला लागली आणि वही लिहायला तुम्ही मैदानातच बसून राहिलात, तर शाळेला होकार कळवा. वही कंटाळवाणी वाटली, आणि पोरांना पळायला लावून तुम्हीच चेंडूवर उभे राहिलात, तर तसं मला मोकळेपणानं लिहा, आपण दुसरी वाट बघू. खेळाच्या जवळ राहायच्या आणखी वाटा आहेत, पंचगिरी आहे, दुखापतींवर उपचार करणाऱ्याचं काम आहे.

चौथ्या रविवारी वडिलांना मैदानावर घेऊन या. त्यांना काही समजावू नका. त्यांनी तुम्हाला लहानपणी ज्या बाजूला उभं राहून बघितलं असेल तिथे एक खुर्ची ठेवा, जरा सावलीत, आणि तुमची वही त्यांच्या हातात द्या.